अकरा शब्द

रविवारची पुरवणी आमच्या गावात दुपारी पोचते. सकाळच्या एसटीतून गठ्ठा फाट्यावर उतरतो, तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर गावात येतो, पानठेल्यावर चार हात फिरतो आणि मग आमच्या ओसरीवर. त्या रविवारी बाबा कवाडातच उभे होते. मायवर मी लिहिलेलं छापून येणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पुरवणी मांडीवर पसरली, चष्म्याची दोरी कानामागे सारली आणि ओळीखाली बोट ठेवत वाचायला घेतलं. एकदा वाचून झालं, मग पुन्हा पहिल्या ओळीवर बोट गेलं. मी आत भांडी उगाच इकडची तिकडे करत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, “चांगलं लिवलं, बाई. पन ते धुऱ्याचं राह्यलं काय?”

“जागा नव्हती, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुरवणी तशीच मांडीवर होती आणि लेखाच्या खाली चार बोटं कागद कोरा होता.

झालं होतं ते असं. माय गेली त्याला वर्ष होत आलं होतं. कापूस वेचणाऱ्या बायांवर पुरवणीचं एक पान निघणार होतं आणि मला मायबद्दल लिहायला सांगितलं होतं. मर्यादा पाचशे शब्दांची. राळेगाव तालुक्यातला हिवाळा म्हणजे संध्याकाळी सातलाच गाव घरात शिरतं. जेवणं उरकली, बाबा निजले, की मी भाच्याचा जुना लॅपटॉप घेऊन बसायची. तीन रात्री लिहिलं. तिसऱ्या रात्री पानाच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा ५११ दाखवत होता. मी वरपासून खालपर्यंत दोनदा फिरले. शेवटून तिसरं वाक्य धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं होतं: ‘शेवटच्या रात्री तिनं एवढंच विचारलं, आज कोणत्या धुऱ्यापावतर वेचणी आली व?’ बोटांच्या पेरांवर मोजलं. बरोबर अकरा. वाक्य पुसलं. आकडा ५०० झाला.

आणि मला आनंद झाला.

तो आनंद मला आजही बोचतो. पाढा न चुकता म्हणून झाल्यावर लहानपणी व्हायचा, तसा तो होता, हलका, स्वच्छ. मायच्या शेवटच्या रात्रीबद्दल लिहिताना तो माझ्यात आला कुठून? काढण्यासारखं दुसरं काही लेखात नव्हतं असंही नाही. तिच्या लुगड्याच्या रंगावर एक लांबण लावलेली होती, ती नसती तरी काही अडलं नसतं. पहाटेच्या धुक्याचं एक वाक्य होतं, आणि धुकं काय, कुणाच्याही लेखात असतं. पण लुगड्याचं वाक्य चौदा शब्दांचं होतं आणि धुक्याचं आठ. धुऱ्याचं तेवढं नेमकं अकराचं भरलं. ते नको होतं म्हणून गेलं नाही. बेरजेत बसलं म्हणून गेलं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई, जिला त्या दिवशी स्वतःच्या हातानं पाणी पिणं होत नव्हतं, ती वेचणी कुठवर आली ते विचारते, आणि तिची मुलगी ते वाक्य आकडा जुळतो म्हणून पुसते. बाबांनी एकदाच विचारलं. मला ते त्यानंतर रोज ऐकू येतं.

त्या आकड्याची ओळख मला भाच्यानं करून दिली होती. तो अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. लॅपटॉप देताना त्यानं लिहायचं पान उघडलं, शब्दसंख्येच्या खिडकीत ‘टाइप करताना दाखवा’ अशी एक चौकट होती, तिच्यावर खूण केली आणि म्हणाला, “मावशी, आता तुला मोजायची गरज नाही, ते आपोआप मोजत राहील.” वर्डमध्ये तर २००७ पासून पानाच्या खालच्या पट्टीवर हा आकडा कायमचाच आहे, त्याआधी मोजायचं तर वेगळं विचारावं लागायचं, असंही त्यानं सांगितलं. आणि युनिक्स नावाच्या संगणक-प्रणालीची पहिली आवृत्ती १९७१ साली निघाली, तिच्यात शब्द मोजायचा ‘डब्ल्यूसी’ नावाचा इवलासा आदेश पहिल्यापासून होता. मी विचारलं, त्याला मराठी शब्द कळतो का? तो म्हणाला, शब्द कळतच नाही, शब्दांमधली मोकळी जागा कळते. दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे काही असेल तो एक शब्द. खात्री पटावी म्हणून त्यानं ‘कखगघ’ असं टाइप करून दाखवलं. आकडा एकानं पुढे सरकला.

म्हणजे ‘व’ हा एक शब्द आणि ‘धुऱ्यापावतर’ हाही एकच शब्द. इंग्रजीला चार-पाच शब्द लागतील एवढा मजकूर आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडून एका दमात म्हणतो; ‘झाडाखालून’, ‘वेचणीपुरतं’, ‘मायच्याजवळचं’. तेव्हा पाचशेच्या मर्यादेत मराठीला जरा ऐसपैस जागा मिळते म्हणायची. पण त्याचीच दुसरी बाजू मला फार उशिरा दिसली. आकडा कमी करायचा झाला की हात आधी जातो तो इवल्या शब्दांवर. ‘तर’ गेला, ‘न’ गेला, ‘बरं’ गेलं, ‘अन्’ गेलं, ‘व’ गेला. अर्थ कुठेच हलत नाही, आणि एकेक आकडा मात्र सुटतो. आमच्याकडे लेकीशी, सुनेशी, मैत्रिणीशी बोलताना बाई वाक्याच्या शेवटी तो ‘व’ लावते, त्याला काही अर्थ नाही. ‘जेवली काय?’ आणि ‘जेवली काय व?’ यांत विचारलेलं एकच आहे. पण मायचा जीव सगळा त्या ‘व’मध्ये असायचा. ती रागावली की आधी ‘व’ बंद व्हायचा. मी माझा लेख पुन्हा काढून पाहिला, पाचशे शब्दांत मायच्या तोंडी चार वाक्यं होती आणि त्यांत एकही ‘व’ उरला नव्हता. पहिल्या दोन रात्रींतच मी ते वेचून काढले होते. मला आठवतही नव्हतं.

तरी त्या आकड्याला नुसता दोष देणं मला जमत नाही. माय आजारी असतानाची दोन वर्षं मी एक ओळ लिहिली नव्हती. शाळा, घर, तिचं अंग पुसणं, औषधाच्या वेळा. ती गेल्यावर हात मोकळे झाले आणि मोकळ्या हातांनी काय करायचं तेच कळेना. तेव्हा रात्री पान उघडून बसायची, दोन शब्द लिहायची, आणि कोपऱ्यात २ दिसायचा. मग ९. मग ३०. एखाद्या रात्री १२० पर्यंत पोचले की आज काही तरी झालं असं वाटून झोप यायची. वीज गेलेल्या घरात, पडद्याच्या उजेडात तो आकडा सरकताना पाहणं ही एक सोबत होती. तो नसता तर मायवर मी पाच शब्दही लिहिले नसते, पाचशे लांबच. हे मला लपवायचं नाही. म्हणूनच गुंता सुटत नाही.

मोजणं काही मला परकं नाही. मी मोजणाऱ्या घरातली आहे. बाबा खळ्यावर पायलीनं तूर मोजायचे तेव्हा पहिल्या पायलीला ‘एक’ कधी म्हणायचे नाहीत. ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, लाभ, लाभ, असं पायली रिकामी होईस्तोवर, मग दोन, दोन, दोन, मग तीन. तो आकडा पुन्हा पुन्हा म्हणत राहायचा म्हणजे मोजमाप चुकत नाही. त्या वेळी आम्ही पोरं चिडीचूप. कुणी मध्ये बोललं तर बाबा हातानंच थांबवायचे. पण हे सगळं राशीपुढे, मळणी होऊन, उफणून, रास लागल्यावर. मळणी चालू असताना ‘किती होईल?’ असं कुणी विचारलं तर आजीचा चेहरा उतरायचा. जेवताना भाकरी मोजायची नाही, झोपलेल्या लेकराची उंची मोजायची नाही, झाडावरची कैरी बोट दाखवून मोजायची नाही. त्यातलं काही अंधश्रद्धेचं असेल. मी शाळेत मुलांना तसं सांगतेही. पण हे सगळे नियम एकाच ठिकाणी बोट ठेवत होते: जे अजून होतं आहे, ते मोजू नका.

कापसाचंही तसंच होतं. पहिल्या वेचणीला धुऱ्याजवळ दगड मांडून दही-भाताचा नैवेद्य व्हायचा, सीतादही, आणि मग बाया ओळीनं पऱ्हाटीत शिरायच्या. कमरेला ओटी बांधलेली. दोन्ही हात चालायचे, एका झाडाचं उजव्या हातानं, शेजारच्याचं डाव्यानं. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसायची. मायच्या नखांच्या कडा कार्तिकापासून माघापर्यंत फाटलेल्या असायच्या, भाकरी थापताना पिठात मीठ असलं की ती श्वास ओढायची. मजुरी किलोवर. तरी दिवसभर कुणी मोजायचं नाही. तोंडानं गप्पा, मधूनच एखादीची ओवी, डोळा फक्त बोंडावर. दिवस कलला की निंबाच्या फांदीला काटा टांगायचा आणि एकेकीचं गाठोडं लावायचं. माय गाठोडं उचलून काट्याला लावण्याआधी एकदा हातावर तोलायची आणि म्हणायची, “सत्तावीस.” काटा सत्तावीस-साडेसत्तावीसच्या मध्ये थरथरायचा. मी लहान होते, मला वाटायचं काट्याला तिचं ऐकू जातं.

एका वर्षी ज्या वावरात ती जायची, तिथल्या मालकानं काटा धुऱ्यावरच आणून ठेवला. तासातासाला ओटी मोजायची, वहीत नावापुढे लिहायचं, कुणाचं किती झालं ते मोठ्यानं वाचायचं. पहिल्याच दिवशी बोलणं थांबलं. दुसऱ्या दिवशी बाया दव वाळण्याआधीच वेचायला लागल्या, ओला कापूस जड भरतो. अर्धं उमललेलं बोंडही ओरबाडलं जाऊ लागलं, त्याच्याबरोबर वाळकी पाती, कवडीचे तुकडे. वजन वाढलं. पण त्या कापसाला हिंगणघाटच्या बाजारात हात घालून पाहिल्याबरोबर भाव पाडून मागितला. माय घरी येऊन बाबांना म्हणाली होती, “बोंडाकडे पाहू का काट्याकडे पाहू? मान दुखून आली.” चारच दिवसांत काटा पुन्हा निंबाखाली गेला. मला ही गोष्ट लेखात घालायची होती. घातली नाही, शब्द फार झाले असते.

शाळेत मी काय करते, हेही मग तपासावं लागलं. ‘माझा आवडता प्राणी’, शंभर शब्दांत. चौथीतली पोरं पेन्सिलच्या टोकानं एकेक शब्दावर ठिपका देत मोजतात, आणि ऐंशीला अडली की ‘खूप खूप खूप’ लिहून भरतात. काही वर्षांपूर्वी एका मुलानं बकरीवर लिहिलं होतं. बकरीचं नाव, तिच्या कपाळावरचा पांढरा टिक्का, ती आजारी पडली तेव्हा बापानं तिला विकलं आणि त्या दिवशी तो शाळेत का आला नाही. एवढंच. शेवटी पूर्णविराम दिला होता, ठळक, पेन्सिल दाबून. मी लाल शाईनं खाली लिहिलं, ‘अपूर्ण. शब्द कमी.’ ते एकतीस शब्द मला आजही पाठ आहेत. त्यात आणखी काय घालायला सांगत होते मी त्याला? तो मुलगा आता बाराव्या वर्गात आहे, रस्त्यात भेटला की ‘मॅडम’ म्हणून वाकतो. मी त्याच्याशी हे बोललेले नाही. बोलायचं आहे.

मायला लिहिता येत नव्हतं. मामाला पत्र पाठवायचं असलं की ती भिंतीला टेकून बसायची आणि मी पाटीवर पोस्टकार्ड ठेवून लिहायची. पंधरा पैशांचं कार्ड. सुरुवात नेहमीची, इकडील सर्व मजेत, तिकडील खुशाली कळवणे. मग ती सुटायची. पाऊस, बैलाचा खांदा, काकूचं बाळंतपण, आंबाडीची भाजी पाठवते पण नेणारं कुणी मिळत नाही. कार्ड भरत आलं की मी सांगायची, जागा संपली. ती म्हणायची, “फिरव ना व.” मग मी कार्ड आडवं करायची आणि समासातून वरच्या दिशेनं लिहायची. तिथलं संपलं की पत्त्याच्या बाजूचा कोपरा. शेवटची ओळ इतकी बारीक असायची की मामा ती भिंग लावून वाचायचा म्हणे. मर्यादा त्या कार्डालाही होती, पण ती कडेला होती. लिहिताना मध्ये मध्ये बोलत नव्हती. आणि एकदा तार आली होती, नागपूरहून, आजीची. ‘मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली.’ तारेला शब्दाशब्दाचे पैसे, म्हणून चार शब्द. शिपायानं अर्थ सांगितला तेव्हा माय म्हणाली, “अन्? झालं काय तिले?” शिपाई कागद उलटसुलट करत राहिला. तारा २०१३ च्या जुलैत बंद झाल्या. ती बातमी वाचली तेव्हा मला मायचं ते ‘अन्?’ आठवलं होतं.

आता पालकांना निरोप पाठवते तेव्हा मोबाइल मोजतो. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि ती मोजणीही निराळी. ‘स्त्री’ आपल्या लेखी एक अक्षर. यंत्राच्या हिशेबी सहा, तीन व्यंजनं, दोन हलन्त, एक वेलांटी. कार्तिकात काकड्याला बसणाऱ्या बायांना हे सांगितलं तर त्या हसतील. अभंगाचे सहा, सहा, सहा, चार त्यांना कुणी शिकवलेले नसतात. एखादीनं चुकून एक अक्षर जास्त घेतलं तर टाळ आपोआप अडखळतो, बाकीच्या तिच्याकडे बघतात आणि पुढच्या खेपेला ती जागेवर येते. मोजणी तिथेही चाललेलीच असते, पण कानात, आणि गाणाऱ्या बाईला तिची आठवण नसते. माय काकड्याला जायची. जात्यावर बसली की तिची ओवी दळणाच्या फेऱ्याला बरोबर संपायची.

लेख छापून आल्यानंतरच्या आठवड्यात मी ती चौकट शोधली आणि खूण काढून टाकली. कोपरा रिकामा झाला. पहिल्या रात्री नजर दर दोन ओळींनी तिथे जायची, निखळलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तशी. लिहिणंही सैल झालं, भरकटलं, धुकं पुन्हा आलं. आता मी लिहून झाल्यावर एकदाच मोजते, आणि कापायचं असलं की मोठ्यानं वाचून कापते. मायचं बोलणं असलं तर तिच्या आवाजात वाचून पाहते. दोन दिवस जास्त लागतात. मधून मधून, हात अगदीच चालत नसले की, खूण पुन्हा करते आणि दहा-वीस शब्द सरकलेले पाहते. मग काढून टाकते.

परवा संध्याकाळी बाबांनी ते कात्रण मागितलं. त्यांनी ते पंचांगात घडी घालून ठेवलं होतं, पण चष्मा सापडत नव्हता. मीच वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर मी त्यांना खरं सांगितलं. जागा होती, मीच काढलं, अकरा शब्द होते म्हणून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर तुरीच्या शेंगांच्या उकडीचा वास येत होता, शेजारी कुणी तरी चुलीवर ठेवल्या होत्या. मग त्यांनी कात्रणाच्या खालच्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला.

“लिव ना मंग इथं.”

मी पेन आणलं. त्या चार बोटांच्या जागेत ते वाक्य लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. “तिचा ‘व’ लिवला काय?” त्यांनी विचारलं. लिहिला होता. मला वाटलं झालं, मी टोपण लावू लागले. तर ते म्हणाले, “अन् म्या काय म्हटलं, थे?”

ते मला माहीतच नव्हतं. त्या रात्री मी तिचा प्रश्न उंबऱ्यातून ऐकला होता आणि पाणी कोमट करायला आत वळले होते. त्यांनी काय उत्तर दिलं ते मी कधी विचारलंच नाही. त्या आठवड्यात तर अवकाळी पाऊस होता, वावरात गुडघाभर चिखल, वेचणी बंदच होती.

“म्या म्हटलं, नाल्याजवळच्या धुऱ्यापावतर आली. उद्या झाली का सरते,” बाबा म्हणाले. “तं ते म्हने, मंग उद्या दही लावजो. अन् बायाईले च्या देजो, गूळ टाकून देजो, साखर नोको टाकू. अन् थ्या कोपऱ्यातल्या झाडाले हात नोको लावू म्हना, त्याचं बोंड आजून कच्चं हाये.”

खालची जागा पहिल्याच वाक्यात संपली होती. मी कात्रण आडवं फिरवलं.